कालवडीचा गुडघा सुजलाय

प्रश्न : दहा दिवसांच्या कालवडीचा पुढचा गुडघा सुजून गरम लागतोय, लंगडते. मुका मार समजून हळद लावली. पुढे काय करावं?

उत्तर : आधी बेंबी चाचपा. जाड, ओली, दुखरी असेल तर नाळेतून शिरलेले जंतू बहुधा सांध्यात पोचलेत. हळदीने ते हटत नाहीत. बेंबी साफ दिसली तरी पशुवैद्यकांना आजच बोलवा. उशीर झाला तर सांधा कायमचा आखडतो. प्रतिजैविकाची इंजेक्शनं लंगडणं थांबलं म्हणून मध्येच सोडू नका. सूज चोळू नका, चिरू तर मुळीच नका. जाड, कोरड्या पेंढ्यावर ठेवा. उठत नसेल तर दर 2-3 तासांनी कूस बदला. पुढच्या वेतात नाळ जन्मताच 7 टक्के टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. चीक पहिल्या 2 तासांत सुरू करा. 30 किलोच्या वासराला दिवसभरात 3 लिटर.