सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या जुन्या स्लाइड स्कॅनमध्ये लालसर दिसतात, मूळ रंग परत येतील का?

हो, बरेचसे येतात; मात्र ‘ऑटो कलर’वर न सोडता लाल, हिरवा, निळा हे चॅनल वेगवेगळे दुरुस्त करा. जुन्या एक्टाक्रोममध्ये, म्हणजे कोडॅकच्या स्लाइड फिल्ममध्ये, डबीत बंद असतानाही सायन (हिरवट निळं) रंगद्रव्य आधी उडतं, सोलापूरच्या उन्हाळ्यात तर लवकरच. त्यामुळे लाल चॅनलमधला काळा फिका पडतो. स्कॅन १६ बिट टिफमध्येच घ्या, आठ बिटांत ताणलं की आकाशात पट्टे उमटतात. गिम्प या फोटो दुरुस्तीच्या प्रोग्रॅममधल्या लेव्हल्समध्ये प्रत्येक चॅनलचा काळा स्लायडर आलेख सुरू होतो तिथे आणि पांढरा संपतो तिथे आणा. मग नंदीध्वज धरणाऱ्याच्या पांढऱ्या बाराबंदीवर (अंगरख्यावर) तिन्ही चॅनलचे आकडे जवळपास सारखे येईपर्यंत मधला स्लायडर हलवा. बाराबंदी उन्हातली घ्या, सावलीतली मुळातच निळसर असते. सायन पूर्ण उडालं असेल तिथला तपशील मात्र परत येत नाही, नुसते दाणे वाढतात.