क्रँक सेन्सर घरी बदलावा का?

प्रश्न : आमची जुनी पेट्रोल गाडी सायन-पनवेल मार्गावरील कोंडीत इंजिन तापले की बंद पडते आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होते. गाडीतील बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरने पी 0335 हा कोड दाखवला. क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची, स्थिती टिपणारा सेन्सर घरी बदलता येईल का?
– एक वाचक, चेंबूर

उत्तर : येईल, मात्र हा कोड सेन्सरच्या सर्किटमधील दोष सांगतो, सेन्सरच निकामी झाला आहे असे नव्हे. म्हणून आधी कनेक्टर काढून त्याच्या पिनांवर हिरवट गंज चढला आहे का आणि वायर कुठे कुरतडली आहे का, ते पाहावे. मुंबईच्या पावसात आणि सोसायटीच्या पार्किंगमधील उंदरांच्या कृपेने ही दोन्ही कारणे नेहमीच आढळतात. आपण सांगितलेली लक्षणे मात्र सेन्सरकडेच बोट दाखवतात, कारण तापल्यावर आतील जोडणी तुटून इंजिनाच्या संगणकाला क्रँकची स्थिती कळेनाशी होते आणि स्पार्क व इंधन दोन्ही थांबतात.

हा सेन्सर बहुधा क्रँक पुलीजवळ किंवा गिअरबॉक्सच्या तोंडाशी असतो. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची ऋण तार सोडवावी, बोल्ट काढावा आणि सेन्सर स्क्रूड्रायव्हरने न उचकता हलकेच फिरवत बाहेर घ्यावा; चिकटलेला सेन्सर मोडून तुकडा आत राहिला, तर काम फार वाढते. नव्या सेन्सरच्या रबरी रिंगला इंजिन ऑइलचे बोट लावावे. गाडीखाली शिरावे लागत असेल, तर नुसत्या जॅकवर विसंबू नये, स्टँड लावावेत. काही गाड्यांमध्ये नंतर स्कॅनरने सेन्सरची नव्याने नोंद करावी लागते, तेवढ्यापुरते गॅरेज गाठावे.