पेनसिल्व्हेनियाचे 'डच' आणि आपले वलंदेज

एका वाचक भगिनींचा प्रश्न आहे. मुलीच्या अमेरिकन सासरची कुळकथा त्या मराठीत उतरवत आहेत. अठराव्या शतकात आलेल्या मूळ पुरुषाला तिकडच्या कागदांत 'पेनसिल्व्हेनिया डच' म्हटले आहे. आडनाव आणि गाव मात्र जर्मन. मग डच लिहायचे की जर्मन?

जर्मन. ताई, बेलाशक जर्मन लिहा. 'पेनसिल्व्हेनियात वसलेले हॉलंडचे लोक' हे भाषांतर मी इतक्यांदा वाचले आहे की आता ते दिसले की पुढचे वाचवत नाही. फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर त्या काळी उतरलेली ही माणसे बहुतेक ऱ्हाइनकाठची, पॅलॅटिनेट आणि त्याच्या आसपासच्या मुलखातली. आपल्या बोलीला ती 'डाइच' म्हणत. आमिश या जुन्या वळणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या घरांत ती बोली आजही नांदते आहे.

इथे कोणीतरी हमखास सांगतो की इंग्रज कारकुनाने 'डॉइच' (जर्मनचे जर्मन भाषेतले नाव) ऐकले आणि 'डच' लिहिले. चांगल्या जाणकारांनीही हे छापले आहे, आणि ते चूक आहे. पेनसिल्व्हेनियाची सनद 1681ची. त्याच्या कितीतरी आधीपासून इंग्रजीत 'डच' म्हणजे जर्मन आणि तिच्या सख्ख्या बोली बोलणारा कोणीही. दक्षिणेकडच्या उंच मुलखातला तो 'हाय डच', सखल किनाऱ्यावरचा तो 'लो डच'. पुढे हॉलंडशी व्यापार आणि वैर दोन्ही वाढले, तेव्हा सतराव्या शतकात इंग्लंडात हा शब्द आक्रसून हॉलंडपुरता उरला. अमेरिकेत जुना अर्थ टिकला. 1863 साली अमेरिकेतल्या यादवी युद्धात, चॅन्सेलर्सव्हिलच्या लढाईत जर्मन सैनिकांची फळी मोडली, तेव्हा त्यांना हिणवायला 'फ्लाइंग डचमेन' हेच शब्द वापरले गेले. यात कारकुनाचा काही दोष नाही.

या शब्दाची खरी गोडी त्याच्या मुळाशी आहे. गॉथिक या जर्मनच्या जुन्या भाऊबंद भाषेत 'थिउदा' म्हणजे लोक. त्याच कुळातून मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'थिओदिस्कुस' आला. अर्थ लोकांच्या बोलीतले, म्हणजे लॅटिन नव्हे ते. 786 सालच्या एका पत्रात तो प्रथम भेटतो. इंग्लंडातल्या धर्मसभेत ठराव लॅटिनमध्ये वाचले, आणि सगळ्यांना कळावेत म्हणून 'थिओदिस्के'मध्येही. म्हणजे पहिल्या नोंदीत हा शब्द ना जर्मनीचा ना हॉलंडचा, तो इंग्लंडातल्या लोकबोलीचा! डॉइच, डच आणि इटालियन 'तेदेस्को' ही याचीच लेकरे. संस्कृतासमोर आपली 'प्राकृत' उभी राहिली, तसाच हा शब्द लॅटिनसमोर उभा राहिला. एकनाथ मराठीला प्राकृत म्हणतात, त्याच न्यायाने 'डाइच' म्हणजे ऱ्हाइनकाठची प्राकृत, असे मी मानतो.

आणि हॉलंडवाल्यांसाठी आपल्याकडे स्वतःचा अस्सल शब्द असताना हा घोळ का घालावा? वलंदेज! वेंगुर्ल्याला 1637 साली वखार घालणारे ते वलंदेज. आज्ञापत्रातल्या टोपीकरांतही फिरंगी, इंग्रज यांच्या पंक्तीला ते आहेत. शब्द पोर्तुगीज 'ओलांदेश'वरून आला. लिहिताना आरंभी 'ह' असतो, बोलताना नसतो. आता त्या 'ओ'चा 'व' कसा झाला? इथे माझा केवळ कयास आहे. हे काम मराठी जिभेचे असावे. ओढ्याचा वढा, ओळखीची वळख, ओल्याचं वलं करणारी आपली बोली. तिने ओलांदेशचा वलंदेज केला असावा. 'हॉलंड'वरून हा शब्द ओढून काढणाऱ्यांनी आधी तो 'ह' कुठे गेला ते सांगावे.

कुळकथेकडे वळतो. आडनावांतही हेच भान हवे. हान्स निकोलस आयझेनहाउअर 1741 साली आजच्या सारलांडमधल्या कार्ल्सब्रुनहून पेनसिल्व्हेनियात आला. त्याच्या वंशातला याकोब 1878 साली आपल्या पंथाच्या लोकांबरोबर कॅन्ससला गेला. तोवर सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली होती, तरी त्याची प्रवचने जर्मनमध्येच होत. याकोबचा मुलगा डेव्हिड, आणि डेव्हिडचा 1890 साली जन्मलेला मुलगा म्हणजे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर. आडनावाचा अर्थ सर्रास 'लोहार' असा देतात. लोहार म्हणजे 'श्मिट'. 'हाउएन' म्हणजे घाव घालून तोडणे, तेव्हा आयझेनहाउअर हा लोखंड तोडणारा. भाषांतरात हा फरक पुसू नये.

तर ताई, मजकुरात 'पेनसिल्व्हेनियातले जुने जर्मन' असे लिहा आणि पहिल्या उल्लेखाला 'डाइच' हा त्यांचा शब्द जोडा. आणखी एक. जर्मनी एक देश झाला 1871 साली. त्याआधीच्या कागदांत जन्मस्थळ म्हणून प्रशिया, बाडेन, व्युर्टेम्बर्ग, हेसे अशी नावे भेटतील. ती जशी आहेत तशीच ठेवा. आणि तुमच्या कुळकथेतल्या आडनावाची पहिल्या दोन पिढ्यांतली वर्तनी मला नक्की कळवा.