इंधन संपले की उपग्रह पडतो का?

प्रश्न : आमच्या गच्चीवरची फ्री डिशची छत्री गेली कित्येक वर्षे आग्नेयेकडे एकाच जागी रोखलेली आहे. इंजिन सतत चालू नसतानाही उपग्रह तिथे कसा टिकून राहतो, आणि बारा-पंधरा वर्षांनी इंधन संपले की तो खाली पडतो का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : उपग्रह गुरुत्वाकर्षणाच्या पलीकडे गेलेला असतो म्हणून पडत नाही, ही समजूत फार रुजलेली आहे, ती आधी बाजूला ठेवावी लागेल. ४०० किलोमीटर उंचीवरही पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ नव्वद टक्के असते. खरे तर उपग्रह सतत पडतच असतो. आपल्या भुईकोट किल्ल्याच्या बुरुजावरून आडवा फेकलेला दगड पहिल्या सेकंदात सुमारे पाच मीटर खाली येतो, आणि पृथ्वीचा पृष्ठभागही आठ किलोमीटर अंतरात साधारण तेवढाच खाली वळतो. त्यामुळे हवेचा अडथळा नसेल आणि दगडाला सेकंदाला आठ किलोमीटरच्या आसपास वेग देता आला, तर तो जमिनीला कधीच टेकणार नाही. उंची वाढते तसा हा वेग कमी पुरतो. आपली छत्री ज्या जीसॅट-१५ कडे रोखलेली आहे, तो ३५,७८६ किलोमीटर उंचीवर सेकंदाला सुमारे तीन किलोमीटर वेगाने फिरतो, आणि पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतक्याच वेळात त्याची प्रदक्षिणा होत असल्याने तो आपल्याला स्थिर भासतो.

इंधन लागते ते त्याची ही जागा ढळू नये म्हणून. सूर्य-चंद्रांच्या ओढीमुळे त्याची कक्षा दरवर्षी पाऊण ते एक अंश कलत जाते. शिवाय पृथ्वीचे विषुववृत्त अगदी वर्तुळाकार नसल्यामुळे तो पूर्व-पश्चिमही सरकतो. गंमत अशी की, या कक्षेत उपग्रह आपोआप ज्यांच्याकडे ओढले जातात अशा दोन जागांपैकी एक पूर्व रेखांश ७५ अंशांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सोलापूरच्याच रेखांशावर आहे. ९३.५ अंशांवरचा जीसॅट-१५ मोकळा सोडला, तर तो हळूहळू तिकडे सरकू लागेल आणि आपल्या छत्रीच्या नेमातून निसटेल. म्हणून त्याची छोटी इंजिने अधूनमधून थोडा वेळ चालवावी लागतात. ११ नोव्हेंबर २०१५ रोजी सोडलेल्या या उपग्रहाचे आयुष्य बारा वर्षे धरलेले आहे, आणि अशा हिशेबात हे इंधन सहसा निर्णायक ठरते. ते संपले तरी उपग्रह पडत नाही, कारण त्या उंचीवर त्याला अडवणारी हवाच नाही. शेवटचे थोडे इंधन राखून त्याला सुमारे ३०० किलोमीटर आणखी वर ढकलावे आणि जागा रिकामी करावी, असा संकेत आहे.

पडण्याचा प्रश्न येतो तो खालच्या कक्षांत. तिथली हवा अत्यंत विरळ असली तरी वेग खात राहते, आणि सूर्य खवळला की ती फुगून वर येते. फेब्रुवारी २०२२ मध्ये नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे बहुतेक उपग्रह अशा सौर वादळामुळेच गमवावे लागले. सौरपट्ट्या आणि बॅटऱ्याही झिजतातच. मात्र उपग्रहाचे काम थांबणे आणि तो खाली येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९ एप्रिल १९७५ रोजी सोडलेल्या ‘आर्यभट’ची वीजयंत्रणा काही दिवसांतच बिघडली, तरी तो वातावरणात शिरला तो १९९२ मध्ये. कार्टोसॅट-२ लाही आपोआप खाली यायला सुमारे तीस वर्षे लागली असती; इस्रोने उरलेल्या इंधनावर त्याची कक्षा मुद्दाम खाली आणली आणि १४ फेब्रुवारी २०२४ रोजी तो हिंदी महासागरावर नष्ट झाला.