मुलाला जेफरसनबद्दल काय सांगायचं, असं विचारलंत म्हणून

तुम्ही लिहिलंत की पुढच्या उन्हाळ्यात व्हर्जिनियात येताय, मुलगा चौथीत बसेल, आणि इथल्या शाळांत वॉशिंग्टन आणि जेफरसन या अमेरिकेच्या पहिल्या आणि तिसऱ्या राष्ट्राध्यक्षांना देवाच्या जागी बसवतात असं ऐकलंय. ही माणसं खरंच तेवढ्या मानाची आहेत का, आणि मुलाला घरी काय सांगायचं? हे वाचलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. शार्लट्सव्हिलला राहून मला अठरा वर्षं झाली. जेफरसनचं घर, माँटिचेलो, आमच्याकडून गाडीने पंधरा मिनिटांवर आहे.

व्हिसा, विमा, भाड्याचं घर याची माहिती सरकारी संकेतस्थळांवर आहे, ती मी पुन्हा लिहीत नाही. एकच कागद सांगते. स्वतःचा जन्मदाखला आजच काढून बघा. माझ्या नगरपालिकेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव होतं, तारीख होती, आणि माझ्या नावाच्या रकान्यात आडवी रेघ. ती रेघ भरायला आई आणि मावशीची प्रतिज्ञापत्रं, शाळेचा दाखला, आणि नगरपालिकेत भावाच्या सात खेपा. शिक्क्याची तारीख पुसट आली म्हणून परत आठवी. दरवर्षी एका देशाला सात टक्क्यांहून जास्त ग्रीन कार्डं (कायम राहण्याचे परवाने) नाहीत असा नियम असल्याने आपल्या लोकांची रांग वर्षानुवर्षं सरकत नाही. या सगळ्यात माणूस भित्रा होतो. नोकरी गेली की मुक्काम हलला, तेव्हा कुणाच्या डोळ्यावर येऊ नका, हे अंगात भिनतं. पुढचं सगळं त्या भीतीचंच आहे.

चौथीत इथे व्हर्जिनियाचा इतिहास शिकवतात. २०१४ मध्ये माझ्या मुलीच्या वर्गात ‘मेणाच्या पुतळ्यांचा’ दिवस होता. मुलं ऐतिहासिक वेष घालून स्तब्ध उभी राहतात, समोर कागदाचं लाल बटण असतं, पालकांनी ते दाबलं की पुतळा आपली गोष्ट सांगतो. लेकीने ओना जज निवडली होती. ओना ही वॉशिंग्टनच्या पत्नीची, मार्थाची, गुलाम दासी. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने सहा महिने तिथे राहिलेला गुलाम मोकळा होऊ शकत असे, म्हणून राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन आपल्या गुलामांना मुदत भरण्याआधी फिलाडेल्फिया या तिथल्या, तेव्हाच्या राजधानीच्या शहराबाहेर हलवत. मे १७९६ मध्ये वॉशिंग्टन कुटुंब जेवत असताना ओना घरातून निघून गेली. तिला पकडून देणाऱ्याला दहा डॉलर, अशी जाहिरात वर्तमानपत्रात आली. ती १८४८ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये वारली, तोवर कायद्याने फरारीच होती.

बाईंनी निरोप पाठवला, हा विषय लहान मुलांना जड होईल, तिने मार्था व्हावं. आणि मी लेकीला म्हटलं, बाळा, मार्था हो. सासूबाईंच्या जुन्या पांढऱ्या सुती पातळाची झालरीची टोपी शिवून दिली. ती तीन मिनिटं उभी राहून मार्थाची गोष्ट बोलली, एकही शब्द न चुकता, माझ्याकडे न बघता.

आता तुमचा प्रश्न. ‘सर्व माणसं समान जन्मली आहेत’ हे १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ज्या जेफरसनने लिहिलं त्याने आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं गुलाम म्हणून बाळगली. माँटिचेलोवर खिळ्यांचा कारखाना होता, त्यात दहा ते सोळा वर्षांची मुलं राबत. कोणत्या मुलाला किती लोखंड दिलं, किती खिळे झाले, किती वाया गेलं, हे जेफरसन स्वतः टिपून ठेवी. माझी लेक तेव्हा दहाचीच होती. त्याच्या मृत्यूनंतर १८२७ मध्ये कर्ज फेडायला १३० माणसांचा लिलाव झाला.

‘त्या काळी सगळेच तसे’ असं कुणी सांगेल. याच तालुक्यातल्या एडवर्ड कोल्सने १८१४ मध्ये जेफरसनला पत्र लिहून विनवलं, गुलामगिरी संपवायला तुम्ही पुढाकार घ्या. जेफरसनने वयाचं कारण सांगून नकार दिला. कोल्सने १८१९ मध्ये आपल्या गुलामांना इलिनॉयला नेऊन मोकळं केलं, जमिनी दिल्या. वॉशिंग्टननेही मृत्युपत्रात स्वतःच्या १२३ जणांच्या मुक्तीची तरतूद केली. कळत सगळ्यांना होतं.

त्यांनी लिहिलेल्या शब्दांना मी मानते. राजाशिवाय देश चालवून दाखवला, दोनदा निवडून आल्यावर वॉशिंग्टन सत्ता सोडून घरी गेला, हे मला आजही मोठं वाटतं. पण पूजा नाही. १७९० मध्ये त्यांच्याच काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, नागरिकत्व फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या’ माणसाला देणारा कायदा केला. त्याच अटीवर १९२३ मध्ये भगतसिंग थिंद या पंजाबहून आलेल्या माणसाला इथल्या सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारलं, आणि आपल्याला ते दार १९४६ मध्ये उघडलं. जोतिबांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली ती त्या लोकांनी गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात जेफरसनचा दाखला दिला आणि राजकारणातली भक्ती अधोगतीकडे नेते हेही त्याच भाषणात बजावलं. तुमच्या मुलाला हे सांगा, दोन्ही एकत्र. दहा वर्षांच्या मुलाला झेपतं. माझ्या मुलीला झेपत होतं, मलाच झेपलं नाही.

एकटेपणाचं विचारलंत. दोन हिवाळे जड जातात, मग सवय होते.

२०२३ च्या ४ जुलैला मी माँटिचेलोच्या हिरवळीवरच नागरिकत्वाची शपथ घेतली. १९६३ पासून तिथे हा समारंभ होतो. लेक सोबत होती. शपथ झाल्यावर ती मला खाली मलबरी रोवर, गुलाम जिथे राहत आणि राबत त्या वाटेवर, घेऊन गेली, खिळ्यांचा कारखाना होता त्या जागी. आम्ही बराच वेळ तिथे उभ्या होतो. टोपीचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.

शाळेतून असा निरोप आला तर मुलाला कोण व्हायचंय ते विचारा आणि बाईंना त्याच रात्री मेल करा. मी लिहिला होता, चार ओळींचा, नम्र. तो अजून माझ्या ड्राफ्टमध्ये आहे.