होणारा नवरा म्युनिकला, मग व्हिसा कुठला?

प्रश्न: ताई, आमचा साखरपुडा मे महिन्यात झाला, लग्न डिसेंबरात नाशिकलाच आहे. तो म्युनिकला आयटीत, ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांना मिळतो त्या राहण्या-कामाच्या परवान्यावर. सप्टेंबरात तीन आठवडे येतोय. एक एजंट म्हणतो विधी डिसेंबरात करा, आत्ता नुसतं मॅरेज सर्टिफिकेट काढून देतो म्हणजे फाइल लावता येईल. काका म्हणतात टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे बदलून मिळतो. आईला दोनदा लग्न नकोय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, तिकडे काम करता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: काकांचं आधी सांगते, तसं करू नकोस गं. टुरिस्ट म्हणजे शेंगेन व्हिसा, 180 दिवसांत 90 दिवस राहायचं आणि परत यायचं, आपल्या पासपोर्टवर तो तिथे बदलून मिळेल असं धरून चालू नये, बहुतेकांना परत येऊन इथूनच अर्ज करावा लागतो. तुला हवाय तो फॅमिली रियुनियनचा, म्हणजे नवऱ्याकडे राहायला जायचा व्हिसा, नॅशनल व्हिसा म्हणतात त्याला, फी 75 युरो. तो ब्लू कार्डवर आहे हे फार बरं झालं, कारण एरवी बायकोला ए1, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या जर्मनचं सर्टिफिकेट लागतं ते तुला लागणार नाही.

आता एजंट. याच्याबद्दल मला खरंच काळजी वाटतेय. विधी न करता हिंदू विवाह कायद्याखाली नुसतं सर्टिफिकेट काढलं तर ते लग्नच नाही, सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये हे स्पष्ट सांगितलंय, आणि त्या प्रकरणातही जोडप्याने घाईत आधी कागद काढला होता आणि विधी नंतर करायचे ठरवले होते. अशा कागदावर तू परदेशात संसार मांडायचा, नको. कागद आधी आणि थाटमाट नंतर हवा असेल तर स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट आहे, तिथे विधी लागत नाहीत पण नोटीस देऊन 30 दिवस थांबावं लागतं, त्यामुळे नोटीस त्याच्या रजेच्या बरीच आधी द्यावी लागेल.

मला विचारशील तर सप्टेंबरातच घरच्या घरी, भटजी बोलावून, सप्तपदीसकट लग्न लावा आणि त्याच आठवड्यात महापालिकेत नोंदणी करा. तीन साक्षीदार आणि भटजींची सही लागते, म्हणून भटजींना आधीच सांगून ठेव. डिसेंबरात रिसेप्शन करा, जेवणावळ करा, म्हणजे आईला नको असलेलं दोनदा लग्नही होत नाही.

एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून बघ. माझ्या मावसबहिणीच्या सर्टिफिकेटवर चौधरी लिहिताना इंग्रजीत एक एच राहिला होता, पासपोर्टवर तो होता, तेवढ्या एका अक्षरासाठी परत दुरुस्तीचा अर्ज, परत साक्षीदार, पोरगी रडकुंडीला आली होती. नोंदणीच्या टेबलावर दोघांचे पासपोर्ट उघडे ठेवून अक्षर न् अक्षर जुळव, मगच सही कर. आणि लग्नानंतरचं नाव पासपोर्टवर लावायची घाई नको, माहेरच्या नावावर व्हिसा मिळतो. अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का, त्यासाठीही कुणाला पैसे देऊ नकोस, आपल्याकडचं अपॉस्टिल जर्मनी मान्य करत नाही.

कामाचं म्हणशील तर नवऱ्याच्या मागे गेलेल्या बायकोला तिथे पहिल्या दिवसापासून नोकरीची मुभा असते. पण फिजिओथेरपी हा तिथे परवान्याचा धंदा, आधी तुझी पदवी मान्य करून घ्यावी लागेल आणि पेशंटशी बोलण्याइतकं, साधारण बी2, म्हणजे ए1 च्या बऱ्याच वरच्या पातळीपर्यंत जर्मन यावं लागेल. म्हणून ए1 माफ असलं तरी क्लास आजच लाव, पुण्याला मॅक्सम्युलर भवन आहे, ऑनलाइनही शिकता येतं. आणि डिग्रीसोबत सगळ्या वर्षांच्या मार्कशीट आणि सिलॅबसची प्रत कॉलेजातून आत्ताच मागून ठेव, तिकडे बसून कॉलेजच्या क्लार्कला फोन करत राहणं फार जिवावर येतं.