राणीबागेत पहिल्यांदा जाताय ना? मग हे वाचा

बुधवार सोडून कधीही जा, बुधवारी बाग बंद असते आणि पोरांना घेऊन गेटवरून परत फिरायचं म्हणजे फार जिवावर येतं. भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरा, चालतच जा. सगळे आधी पेंग्विनकडे पळतात, बघाच, पण खरं सांगू, ही बाग 1860च्या दशकातली आहे आणि तिची खरी श्रीमंती झाडांत आहे, गोरखचिंचेच्या बुंध्याला हात लावून बघा, हत्तीच्या पायासारखा जाडजूड लागतो, आणि उर्वशी फुललेली दिसली तर तिथे जरा थांबाच, लाल फुलांचे घोस झुंबरासारखे लटकत असतात, मी तर दरवर्षी फक्त तिच्यासाठी जाते. रविवारी खूप गर्दी, शक्यतो टाळाच.